सहा डिस्कचं एक वावर

"हवे फरुं?" आता वळू का, असं शेठ भिंतीकडे तोंड करून गुजरातीत विचारायचे.

"थांबा शेठ, अजून अर्धं आहे," सर दातांत रुमाल धरून म्हणायचे. त्यामुळे ते नीट ऐकू यायचं नाही, आणि शेठ बिचारे पुन्हा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागायचे.

सुरतेजवळ पलसाण्याच्या हमरस्त्यालगत आमचं प्रोसेस हाऊस होतं. कोरं कापड यायचं, रंगून जायचं. शेठ डाइंगच्या हॉलमधून नुसते चालत गेले तरी माणसं मशीनच्या मागे सरकायची. हेच शेठ आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत आले की शाळेत शिक्षा झाल्यासारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहत, कारण सरांचा तसा नियम होता. चावीचं वाक्य, म्हणजे कॉम्प्युटरमधलं कुलूप उघडणारं वाक्य, टाइप होताना खोलीतल्या कोणीही स्क्रीनकडे, कीबोर्डकडे किंवा त्यांच्या तोंडाकडे पाहायचं नाही. तोंडाकडे का, तर टाइप करताना त्यांचे ओठ हलायचे. ती सवय काही केल्या जाईना, म्हणून ते दातांत रुमाल धरायचे. वाक्य लांबलचक होतं आणि ते दोन बोटांनी टाइप करायचे.

मी त्यांच्या हाताखाली कामाला होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी तेवीस वर्षांचा होतो. आज माझं वय तेव्हाच्या त्यांच्या वयाएवढं झालं आहे. त्यांच्याबद्दल चार माणसांत मी नेहमी हा रुमालाचा किस्सा सांगतो, लोक हसतात आणि विषय संपतो. पुढचं मी सांगत नाही. या वेळी सांगणार आहे.

सर मूळचे धुळ्याकडचे. लहानपणीच सुरतेत आले आणि वडिलांबरोबर पॉवरलूमच्या कारखान्यात बीम सांधायला बसले. लूमवरचा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, संपत आला की नव्या बीमचा एकेक धागा जुन्याच्या एकेक धाग्याला गाठ मारून जोडावा लागतो. हजारो धागे, आणि सगळे आपापल्या क्रमाने. मधले दोन इकडचे तिकडे झाले तर कापडात शेवटपर्यंत रेघ येते. ते काम करता करता ते रात्रशाळा शिकले, टायपिंग शिकले आणि एका तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले. तिथे कॉम्प्युटर आले तेव्हा इतरांच्या आधी यांनी ते उघडून पाहिले. तिथून ते आमच्या मिलमध्ये आले. मी त्यांना सर म्हणायचो, शेठ 'प्रोफेसर' म्हणायचे. दोन्हींपैकी काहीच ते नव्हते, पण त्यांनी दोन्ही चालवून घेतलं.

ते उभ्यानेच जेवायचे. डबा टेबलावर, भाकरी हातात आणि डोळे स्क्रीनवर. डब्याच्या वरच्या कप्प्यात ठेचा आणि खालच्या कप्प्यात फ्लॉपी. "फ्लॉपीला धूळ लागली तर वाया, ठेच्याला लागली तर चालते," म्हणून झाकण घट्ट बसणारा कप्पा फ्लॉपीला. मशीन चालवणारं लिनक्स त्यांनी एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून घेतलं होतं. पण डिस्कला कुलूप लावणारा भाग त्यात नव्हता. असली कुलपं अमेरिकेतून बाहेर पाठवायला तेव्हा बंदी होती, त्यामुळे तो तुकडा दुसऱ्याच कुठल्या देशातल्या सर्व्हरवरून उतरवावा लागायचा. रिंगरोडच्या एका सायबर कॅफेत ते दोन रविवार बसले आणि डब्यातून तो भाग घेऊन आले. मग तो लिनक्समध्ये घालून सगळं नव्याने बांधायला त्या म्हाताऱ्या मशीनला तीन तास लागले. तेवढा वेळ सर शेजारी उभे होते. मी म्हटलं, "सर, बसा ना. ते काही पळून जात नाही."

"बाळंतपणाला बाप बाहेर उभा राहतोच ना रे," ते म्हणाले. "त्याचाही काही उपयोग नसतो."

हे सगळं कशासाठी, तर शेडच्या रेसिपीसाठी. एखादी शेड काढायची तर कुठला रंग किती, पाणी किती तापवायचं, किती वेळ ठेवायचं, हे सगळं आमच्या डाइंग मास्टरच्या वह्यांमध्ये होतं. आधीच्या वर्षी एका सुपरवायझरने एका वहीची झेरॉक्स काढून शेजारच्या मिलला नेली. चार महिन्यांत आमचे दोन व्यापारी तिकडे गेले, कारण तोच नेव्ही ब्लू तिकडे स्वस्तात मिळायला लागला. शेठनी सरांना सांगितलं, सगळ्या वह्या कॉम्प्युटरमध्ये घाल आणि असं कुलूप लाव की मलाही उघडता येणार नाही.

एवढं सगळं मावेल अशी डिस्क मात्र शेठ घेऊन देईनात. प्रत्येक रेसिपीबरोबर कापडाच्या तुकड्याचा स्कॅनही ठेवायचा होता आणि स्कॅन जागा खातो. तेव्हा सरांनी इकडून तिकडून जुन्या, लहान-मोठ्या सहा डिस्क जमवल्या. कुठली बँकेने काढून टाकलेली, कुठली कॉलेजने. मी म्हटलं, "सहा ठिकाणी थोडं थोडं ठेवू." ते म्हणाले, "भाऊबंदकीत असंच होतं. वाटण्या करून करून बांधच जास्त होतात. आपण बांध काढू, एक वावर करू."

लिनक्सला सांगून त्यांनी सहा डिस्क एकामागे एक अशा जोडल्या. मशीनला ती एकच मोठी डिस्क वाटायची. त्या जोडलेल्या जागेला ते शेवटपर्यंत 'वावर'च म्हणत राहिले. त्या वावराला मग एक कुंपण, म्हणजे कुलूप. मी विचारलं होतं की, आधी प्रत्येक डिस्कला कुलूप लावून मग जोडल्या तर?

"सहा कुलपं, सहा चाव्या," ते म्हणाले. "चाव्या कुठे ठेवशील, जानव्याला? आधी एक खोली कर, मग दार एकच." मग म्हणाले, "फक्त क्रम सांभाळायचा. कोणामागे कोण, हे मी मशीनला एकदा सांगितलंय. ते डिस्कचं तोंड ओळखत नाही, जागा ओळखतं. बीमसारखंच आहे. क्रम चुकला की कापड गेलं."

हे त्यांनी मला सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं.

वह्या टाइप व्हायला वर्ष गेलं. मास्टर वाचायचे, मी टाइप करायचो, सर तपासायचे. आधी फिक्या शेड घेतल्या, मग गडद. संपलं त्या दिवशी शेठ स्वतः वह्यांचा गठ्ठा घेऊन बॉयलरकडे निघाले. सर त्यांच्या मागे मागे चालत होते. "शेठ, जाळा, पण आधी एक प्रत करू. टेपवर करू, तुमच्या तिजोरीत ठेवू."

"प्रोफेसर, बीजी कॉपी एटले बीजो चोर," दुसरी प्रत म्हणजे दुसरा चोर, असं शेठ म्हणाले आणि बॉयलरचं दार उघडायला लावलं.

सर परत आले ते त्या दिवशी जेवले नाहीत. नंतर जवळजवळ दर सोमवारी ते शेठना दुसऱ्या प्रतीचं विचारायचे आणि शेठ तेच वाक्य म्हणायचे. पुढे पुढे सर अर्धं म्हणायचे आणि उरलेलं शेठ पूर्ण करायचे.

एवढ्या कुलूपबाज माणसाच्या स्वतःच्या घराला कुलूप नव्हतं. नवागाममधली एक खोली, दाराच्या कडीला सुतळी बांधलेली. मी एकदा गेलो होतो. शेजारची बाई म्हणाली, "सोडी ले ना सुतळी, बस आत. ते येतीन." मी आत बसलो. एक खाट, एक स्टोव्ह, आणि उघडलेले कॉम्प्युटर. सर आले तेव्हा मी विचारलं, "सर, कोणी काही नेलं तर?"

"ज्याला हे चालवता येतं तो चोरी कशाला करेल?" ते म्हणाले. "आणि ज्याला येत नाही तो परत आणून देईल."

त्यांची आणखी एक सवय होती. मशीनने हो की नाही असा प्रश्न विचारला की ते दोन्ही हात पॅंटच्या खिशात घालायचे. अगदी फाइल पुसू का, एवढाच प्रश्न असला तरी. खिशात हात घालून प्रश्न दोनदा वाचायचे आणि मगच एक हात बाहेर काढायचे. "प्रश्न आला की हात खिशात," ते मला सांगायचे. "मशीनला घाई नसते. घाई आपल्याला असते."

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा असायची. ती साधीसुधी नव्हे. आदल्या दिवसापासून प्रत्येक खातं आपापलं मशीन उघडायचं, भाग काढून धुवायचं, पुसायचं आणि ताटात मांडायचं. डाइंगवाले व्हॉल्व्ह काढून चिंचेने घासायचे. शेठ आरतीचं ताट घेऊन प्रत्येक खात्यात फिरायचे आणि कुठलं खातं जास्त चकचकीत यावर बोलायचे. ज्या वर्षीचं मी सांगतोय त्याच्या आदल्या वर्षी आम्ही कॉम्प्युटरच्या प्लास्टिकच्या कव्हरवरच हार घातला होता. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले होते, "कॉम्प्युटरवाळा तो भगवानने पण कवर चडावे!" कॉम्प्युटरवाले देवालाही कव्हरच चढवतात, यावर सगळी मिल हसली होती. सरही हसले होते. मला मात्र ते लागलं होतं.

सर दर दसऱ्याला दोन दिवस गावी जायचे, तसे त्याही वर्षी निघाले. निघण्याआधी त्यांनी मला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि चावीचं वाक्य सांगितलं. लिहून दिलं नाही, तीनदा माझ्याकडून म्हणून घेतलं. "शेठला वाटतं ही माझ्या एकट्याकडे आहे. तसंच वाटू दे. पण मी कुठे गाडीखाली आलो तर सगळ्या मिलचा रंग माझ्याबरोबर जायला नको." मी म्हणालो, हो सर. मला तेव्हा छाती फुगल्यासारखं झालं होतं, हेही खरं आहे.

दसऱ्याच्या सकाळी मी मशीन बंद केलं, स्क्रू काढले आणि सहाही डिस्क बाहेर काढल्या. आत तीन पट्ट्या होत्या, केबलच्या, आणि प्रत्येक पट्टीला दोन डिस्क. मी जोड्या जोडीनेच ठेवल्या, एवढी अक्कल होती. प्रत्येक डिस्क मऊ कपड्याने पुसली, स्टीलच्या ताटात जोडी न मोडता उतरत्या आकाराने मांडली, प्रत्येकीला हळद-कुंकवाचं बोट लावलं आणि झेंडूची पाकळी ठेवली. शेठ आले आणि ताटाकडे पाहून म्हणाले, "वाह. आ वखते तो दांत पण देखाडी दीधा." या वेळी तर दातही दाखवले, म्हणून मिल पुन्हा हसली, पण कौतुकाने. माझ्या खात्याला पेढ्यांचा पहिला मान मिळाला.

दुपारी मी डिस्क परत बसवल्या. पहिली जोडी बरोबर बसली. दुसरीच्या जागी तिसरी गेली आणि तिसरीच्या जागी दुसरी. ताटात मी आकाराने मांडल्या होत्या आणि ताटातला क्रमच माझ्या डोळ्यांत राहिला होता.

मशीन सुरू झालं. मी चावी टाइप केली, दातांत रुमाल न धरता. चावी लागली, कारण वावराची सुरुवात पहिल्या जोडीत होती आणि ती जागेवर होती. पण पुढे मशीन अडलं. आत गडबड आहे, दुरुस्त करू का, असं विचारू लागलं. त्या क्षणी मशीन बंद करून दोन पट्ट्या बदलल्या असत्या तर काहीही झालं नसतं. एक फाइलही गेली नसती. हे मला आज कळतं असं नाही, थोडा विचार केला असता तर तेव्हाही कळलं असतं. पण सर परवा येणार होते, त्याआधी सगळं नीट चालू दिसायला हवं होतं. मी 'हो' दाबलं. पुन्हा प्रश्न आला, पुन्हा 'हो'. प्रश्न संपेनात. शेवटी मी ते बटण दाबूनच धरलं. स्क्रीनवरून ओळी वर धावत होत्या आणि मला वाटत होतं, इतकं काय काय दुरुस्त होतंय. प्रत्येक 'हो'ला ते बिचारं चुकीच्या क्रमाने लागलेल्या डिस्कवर काहीतरी कायमचं लिहीत होतं.

मग प्रश्न थांबले. मी गडद शेडचा फोल्डर उघडला. तो रिकामा होता.

सर आले ते सरळ मशीनपुढे बसले. मी तिथेच होतो. चावी टाइप करण्याआधी त्यांनी मला भिंतीकडे वळायला सांगितलं नाही, हे मला जाणवलं. थोड्या वेळाने ते उठले आणि हात खिशात घालून उभे राहिले. मग त्यांनी मशीन बंद केलं आणि केस उघडली. डिस्कच्या खालच्या बाजूला कुंकू राहिलं होतं. त्यांनी एका डिस्कवर अंगठा फिरवला आणि अंगठ्याकडे पाहिलं. दोन पट्ट्या काढून त्यांची अदलाबदल केली, पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा पाहिलं. फिक्या शेड बऱ्याचशा होत्या. गडद जवळजवळ सगळ्या गेल्या होत्या.

"पूजा चांगली झाली का?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"हो सर."

"मशीनने काही विचारलं का?"

"नाही सर."

ते "बरं" म्हणाले. एवढंच. दुरुस्ती करताना त्या प्रोग्रामला जे तुकडे ओळखता आले नव्हते ते त्याने एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकले होते, आणि त्या फोल्डरवर दसऱ्याच्या दुपारची वेळ होती. सरांच्या समोर तो उघडा होता. मला तो त्यांच्या खांद्यावरून दिसत होता.

शेठच्या केबिनमध्ये मीही उभा होतो. मास्टर होते. शेठ ओरडले नाहीत, तेच वाईट होतं. "चावी कोनी पासे हती?"

"माझ्याकडे," सर म्हणाले.

"बीजा कोई पासे?"

मी जमिनीकडे पाहत होतो. फरशीवर चहाचा एक डाग होता, त्याचा आकार मला अजून कागदावर काढून दाखवता येईल.

"नाही," सर म्हणाले.

"तो पछी कहो. वेच्युं के भूंसी नाख्युं?"

विकलं की पुसलं. ज्या माणसाच्या दाराला सुतळी होती त्याला शेठनी हे विचारलं. मास्टर मध्ये पडले, "शेठ, ए माणस एवो नथी," पण त्यांचाही जन्म त्या वह्यांत गेला होता, ते खिडकीकडे वळले. सर म्हणाले, "माझ्या ताब्यात होतं आणि गेलं. विकलेलं नाही. बाकी मला काही सांगायचं नाही." मला तोंड उघडायला तेवढ्यात तीनदा तरी जागा होती. घरी वडिलांचा लूमचा कारखाना बंद पडला होता, बहिणीचं लग्न ठरलं होतं, मी एकटा कमावता होतो. ही कारणं मी त्या केबिनमध्ये उभा असताना मनात जुळवत होतो. खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. इतक्या वर्षांत मला पुरेसं असं कारण सापडलेलं नाही.

त्याच दिवशी सरांना काढलं. त्यांनी डबा उचलला, फ्लॉपी टेबलावर काढून ठेवल्या आणि गेटवर वॉचमनला डबा उघडून दाखवला. त्याने मागितलं नव्हतं. पलसाण्यात बातमी फिरायला वेळ लागला नाही. पुढे कुठल्याच प्रोसेस हाऊसने त्यांना दारात उभं केलं नाही. त्यांच्या खुर्चीवर मी बसलो. मास्टर आणि मी जुन्या कापडाच्या तुकड्यांवरून एकेक गडद शेड पुन्हा जुळवत बसलो, ते वर्षभर चाललं. शेठनी स्वतः होऊन नवी डिस्क आणली आणि मी एकदा म्हणताच प्रतीसाठी टेपही आणली. त्यांना ती टेप माझी हुशारी वाटली.

मी नवागामला गेलो तो सहा महिन्यांनी. दाराला सुतळी होती. शेजारच्या बाईने सांगितलं की ते दिंडोलीच्या बाजूला एका लूमच्या कारखान्यात असतात. मी तिथे गेलो. लूमच्या आवाजात कोणाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मागच्या बाजूला एक लूम बंद होता, त्याच्यापुढे लाकडी पाटावर सर बसले होते आणि बीम सांधत होते. डोळ्यांवर जाड चष्मा आला होता. बोटं मात्र अशी चालत होती की जणू मधली तीस वर्षं झालीच नव्हती.

"ये रे," ते म्हणाले. "हात पूस, तेल लागेल. ही लट धर."

मी धाग्यांची लट धरली. ते त्यातून एकेक धागा काढायचे, गाठ मारायचे आणि पुढचा घ्यायचे. मी ओरडूनच सुरुवात केली, "सर, दसऱ्याला मी..."

"खाली नको करू, ताण सुटतो," ते म्हणाले.

मी लट वर धरली. बराच वेळ गेला. मग वीज गेल्याने सगळे लूम थांबले आणि एकदम शांत झालं. सर गाठ मारता मारताच बोलले. "चावी शेठनी एकालाच दिली होती. दुसऱ्याला मी दिली. मग केबिनमध्ये बोलायचं काय होतं?"

मी म्हणालो, "पण सर, बटण मी..."

"ते मला डिस्कने सांगितलं." त्यांनी गाठीवर बोट फिरवलं. "कुंकू छान लावलं होतंस."

मला रडू आलं. त्यांनी पाहिलं नाही, किंवा पाहून पुढचा धागा घेतला. मी शेठकडे जाऊन सगळं सांगतो, असं मी म्हटलं नाही. तेच म्हणायला मी गेलो होतो. म्हटलं नाही, आणि नंतर सांगितलंही नाही. शेठ गेले तेव्हाही त्यांच्या मनात सर चोरच होते. ती मिल आता नाही. सरही नाहीत.

तासाभराने वीज आली, लूम सुरू झाले. मी निघालो तेव्हा सरांनी हाताने थांबवलं आणि माझ्या कानाजवळ तोंड आणून मोठ्याने विचारलं, "दुसरी प्रत ठेवतोस ना?"

"ठेवतो, सर," मी ओरडून सांगितलं.

दसऱ्यानंतर त्यांनी मला विचारलेल्या प्रश्नांपैकी पूर्ण खरं उत्तर मी तेवढं एकाच प्रश्नाला दिलं.